सोन्याची पट्टी आणि मोठेबाबांची लाळ

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आमच्या बाभुळगाव तालुक्यात शेतकरी म्हणून कमी आणि शंकरपटात माईक धरणारा माणूस म्हणून जास्त ओळखले जातात. बैलजोड्यांच्या शर्यतीला आमच्याकडे शंकरपट म्हणतात. मधली काही वर्षं पट बंद होते. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा राळेगावकडच्या एका गावातून मोठेबाबांना बोलावणं आलं, आणि ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, गळ्यात दुपट्टा टाकून असे निघाले, की त्यांची बायको, माझी मोठीआई, म्हणाली, "पाहा, नवरदेव निघाला."

जोडी सुटली की दुसऱ्या टोकाला पोचायला तिला काही सेकंदच लागतात. तेवढ्यात मालकाचं गाव, बैलांचा रंग, हाकणाऱ्याची खोड आणि मागच्या वर्षीची धाव हे सगळं सांगायचं, वर एखादी कोपरखळी मारायची आणि जोडीनं रेषा ओलांडली त्याच क्षणी वाक्य संपवायचं, ही त्यांची हातोटी. मी लहानपणी बैलांकडे बघायचीच नाही. मी मोठेबाबांचं तोंड बघायची.

त्याच तोंडात दिवसभर खर्रा असायचा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा आमच्याकडे पानठेल्यावर चहापेक्षा जास्त खपतो. मोठेबाबा खर्रा थुंकत ते फक्त माईक हातात आला की. घसा साफ करत, आणि सुरू होत.

मी रसायनशास्त्र शिकायला यवतमाळला गेले, तिथून नागपूरला, आणि मग तिथल्याच एका प्रयोगशाळेत पीएचडीला लागले. विषय ऐकून घरात कोणाला काही कळलं नाही. सुट्टीत आले की मोठेबाबा ओसरीवर बसून विचारत, "तू तिथं नेमकं करून काय राह्यली? जरा आमाले समजेल असं सांग."

"थुंकीतून कॅन्सर ओळखायची पट्टी बनवून राह्यली," मी म्हणायची. घरी पोचले की माझीही जीभ आपोआप घरच्या वळणावर यायची.

"थुंकीतून?" त्यांना हे फार आवडलं. "म्हणजे आपल्या जिल्ह्याले कच्च्या मालाची कमी नाही."

ते विनोद करत, पण मला त्यांना खरंच सांगायचं असायचं, कारण त्या काळात मी ज्या आनंदात होते तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नसे. सोन्याचा क्षार पाण्यात विरघळवायचा, पाणी उकळायचं आणि त्यात लिंबातल्या आम्लाचा एक क्षार टाकायचा. फिकट पिवळं पाणी आधी अगदी निवळ होतं, मग करडं, निळसर, आणि बघता बघता लाल. त्या लाल पाण्यात सोन्याचे कण असतात, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी लहान. डोळ्यांना कण दिसत नाहीत, फक्त रंग दिसतो. पहिल्यांदा तो रंग जमला तेव्हा मी मोबाईलवर मोठीआईला व्हिडिओ कॉल लावून काचेचं भांडं दाखवलं. ती म्हणाली, "अंबाडीच्या बोंडाचं सरबत केलं का व माय?" मी म्हटलं, "सोनं आहे मोठीआई." ती बराच वेळ स्क्रीनजवळ डोळे आणून बघत राहिली आणि म्हणाली, "सोन्याचं कायले असं पाणी केलं? बांगडी तरी करायची."

आमची पट्टी म्हणजे साखर तपासायच्या पट्टीची चुलत बहीण. नखाएवढी. तिच्या टोकावर हे सोन्याचे कण बसवायचे आणि त्या कणांवर असे रेणू चिकटवायचे, की जे लाळेतलं एकच विशिष्ट प्रथिन ओळखून धरतात. तोंडात कॅन्सर घडायला लागला की ते प्रथिन लाळेत जास्त उतरतं. रेणूंनी ते धरलं की पट्टीतून वाहणाऱ्या विजेत किंचित फरक पडतो आणि छोट्या यंत्रावर तो आकड्यात उमटतो. सुई नाही, चिरा नाही, तुकडा काढणं नाही. थुंकायचं आणि थांबायचं. प्रयोगशाळेत तयार केलेल्या स्वच्छ द्रावणात आमची पट्टी इतकी सुरेख चालायची, की आमचे मार्गदर्शक सर, जे सहसा "ठीक" याच्या पुढे जात नाहीत, तेही एकदा "छान" म्हणाले. मी तो शब्द आठवडाभर मनात घोळवला.

त्या वर्षी दिवाळीत घरी गेले तेव्हा जेवताना एक गोष्ट लक्षात आली. मोठेबाबांनी ठेचा बाजूला सारला. ज्या माणसाला ठेच्याशिवाय भाकर उतरत नाही, तो वरणात कुस्करून खात होता.

"ठेचा काहून सोडला?" मी विचारलं.

"लय झोंबते आता. म्हातारपण आलं, दुसरं काय?"

मोठीआई चुलीकडून म्हणाली, "झोंबते अन् तोंड बी पुरतं उघडत नाही. घास लहान लहान करून देतो मी."

मोठीआई स्वतःबद्दल बोलताना आमच्याकडच्या जुन्या बायांसारखी 'देतो', 'जातो' असंच म्हणते. मी हात धुवून मोठेबाबांसमोर बसले आणि म्हणाले, "तीन बोटं उभी धरून तोंडात घालून दाखवा." त्यांनी हसत हसत प्रयत्न केला. दोन बोटं कशीबशी गेली. मी जे रोज इंग्रजी पेपरांमध्ये वाचत होते ते माझ्यासमोर ओसरीवर बसलं होतं. खर्ऱ्यातल्या सुपारीनं गालाच्या आतली कातडी कडक होते, तोंड आवळत जातं, आणि त्यातल्या काही जणांत पुढे कॅन्सर होतो. सगळ्यांत नाही, पण काही जणांत.

"मोठेबाबा, यवतमाळले चला. तोंड दाखवून येऊ."

"नाही."

"काहून?"

त्यांनी मग त्यांच्या एका मित्राची गोष्ट सांगितली. तो पटात जोड्या हाकायचा. त्याच्या गालात गाठ होती, दवाखान्यात तिचा तुकडा काढला आणि काही महिन्यांतच तो गेला. "तुकडा काढला म्हणूनच बिमारी खवळली," मोठेबाबा म्हणाले. "लोखंड लागलं की थे पसरते. मी माह्या डोयानं पाह्यलं." तो मित्र दवाखान्यात पोचला तेव्हाच फार उशीर झालेला होता, तुकड्यानं काही पसरत नाही, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "तुह्यं बरोबर असंल. पण माह्या तोंडाले मी लोखंड लावू देत नाही. माह्याजवळ दुसरं हाय काय, तोंडाशिवाय?"

नागपूरला परतले तेव्हा आमच्या कामाचा पुढचा टप्पा आलाच होता. स्वच्छ द्रावण पुरे झालं, आता खऱ्या माणसांची लाळ हवी होती. ती कुठून घ्यायची यावर चर्चा चालू असताना मी म्हटलं, "सर, आमच्या गावातून घेऊ." सरांनी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातल्या एका दंतवैद्य डॉक्टरबाईंशी संपर्क केला. त्या यवतमाळच्याच, गॅरेज चालवणाऱ्या मुस्लिम घरातल्या, बोलायला मोकळ्या. नैतिकता समितीची परवानगी मिळाली तीच मुळी अटींवर. जो लाळ देईल त्याचं तोंड डॉक्टरबाई तपासतील, पट्टी काहीही म्हणो. पट्टी अजून शिकाऊ आहे, तिच्या आकड्यावरून कोणाला कॅन्सर आहे किंवा नाही असं कोणीही सांगणार नाही. नमुन्यांवर नाव नसेल, फक्त खूण असेल, आणि ती खूण कोणाची हे फक्त डॉक्टरबाईंना माहीत असेल.

शिबिराच्या दिवशी सकाळी गावातल्या शाळेत टेबलं मांडली, आणि माणूस एकही नाही. कॅन्सर हा शब्द ऐकूनच लोक शेताकडे निघून गेले होते. डॉक्टरबाई घड्याळ बघत होत्या. मी घरी जाऊन मोठेबाबांना म्हटलं, "तुम्ही सांगा लोकांले. तुमचं ऐकतीन."

ते ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर गेले. घसा साफ केला.

"ऐका हो ऐका," आवाज गावावर पसरला. "आपल्या गावची पोरगी नागपूरवरून मशीन घेऊन आली. आजवर तुमी भिंतीवर थुंकले, एसटीत थुंकले, माह्या अंगणात बी थुंकले. कोनं तुमाले बोलावून थुंकाले लावलं का? आज सरकारी परवानगीनं, मानानं, खुर्चीवर बसून थुंकाचं हाय. सुई नाही, लोखंड नाही. डॉक्टरीनबाई तोंड पाहातीन अन् चहा पाजतीन. शाळेत या. पह्यली जोडी कोनाची येते, मी इथून पाहून राह्यलो."

चहाचं कोणी ठरवलंच नव्हतं. माझ्या वडिलांनी धावत जाऊन दूध आणलं. थोड्याच वेळात शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली, आणि रांगेतले लोक एकमेकांना सांगत होते, "भिंतीवर नाही बे, डबीत." डॉक्टरबाई एकेकाचं तोंड उघडून बॅटरीनं बघत होत्या आणि मी डब्या बर्फाच्या पेटीत ठेवत होते. इतकी आनंदाची सकाळ माझ्या सगळ्या शिक्षणात आली नव्हती.

शेवटी मोठेबाबा आले. सगळ्या गावाला बोलावल्यावर स्वतः न येणं त्यांना शोभलं नसतं, आणि मला हेच हवं होतं. डॉक्टरबाईंनी बॅटरी धरली.

"काका, उघडा. और थोडा. इतकंच उघडतं का?"

त्यांनी लहान आरसा आत सरकवला आणि बराच वेळ डाव्या गालाच्या पार मागे बघत राहिल्या. मग खुर्ची जवळ ओढून हळू बोलल्या. "काका, मागे एक पांढरा चट्टा आहे. असे चट्टे पुष्कळांना असतात, बहुतेक साधे असतात. पण एक छोटा तुकडा काढून तपासलेला बरा."

"तुकडा नाही," मोठेबाबा म्हणाले.

"मग खर्रा बंद करा, आणि मला दर पंधरा दिवसांनी तोंड दाखवा. लाळही द्या. ज्यांना चट्टे आहेत त्यांची लाळ आम्हाला वारंवार हवीच आहे. तेवढं कराल?"

मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. "थुंकणं जमते मले," ते म्हणाले.

पेटी घेऊन मी नागपूरला आले आणि दुसऱ्याच दिवशी तोंडघशी पडले. जी पट्टी स्वच्छ द्रावणात सुरेख चालायची, ती गावच्या लाळेत आंधळी झाली. एकाच डबीतली लाळ तीन वेळा तपासली तर तीन वेगळे आकडे. खर्ऱ्यातला चुना, सुपारीचा तुरट रंग, तंबाखूचा अर्क हे सगळं पट्टीवर जाऊन बसत होतं आणि सोन्याला श्वासच घेऊ देत नव्हतं. आमच्या विषयातले बरेच पेपर जिथल्या लाळेवर लिहिलेले होते तिथे कोणी खर्रा खात नव्हतं. सर म्हणाले, "ही अडचण नाही, हाच तुझा प्रबंध आहे. तिथल्या तोंडांसाठी पट्टी करायची आहे ना? मग तिथली लाळ पट्टीला सहन झाली पाहिजे."

त्या वाक्यानं मला जी चालना मिळाली ती पुढचे अनेक महिने पुरली. लाळ देण्याआधी किती वेळ तोंड रिकामं ठेवायचं आणि कशानं खुळखुळायचं ते ठरवलं. गाळण्या बदलल्या. आणि सोन्यावर एका पातळ थराचं पांघरूण घातलं, ज्यातून आमचं प्रथिन आत जाऊ शकेल पण सुपारीचा चिकट रंग बाहेर अडेल. एक पांघरूण जाड झालं, एक विरघळून गेलं, एकानं प्रथिनालाही अडवलं. मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, एकाच डबीतल्या लाळेचे तीन आकडे जवळपास सारखे आले. मी दुसरी डबी उघडली. सारखे. तिसरी. सारखे. मी खुर्चीत नीट बसू शकत नव्हते. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण डबा खात होती, तिचा हात धरून मी तिला यंत्रापाशी ओढत आणलं. तिनं एका हातात पोळी धरून आकडे पाहिले आणि म्हणाली, "आता पार्टी."

तोवर पावसाळा सरत आला होता. चट्टे असलेल्या लोकांच्या डब्या यवतमाळवरून ठरल्या वेळी येत होत्या आणि अतिथंड पेटीत जपून ठेवल्या होत्या. आता पट्टी चालू लागल्यावर मी प्रत्येक खुणेच्या सगळ्या डब्या क्रमानं तपासून त्यांचा आलेख काढायला बसले. बहुतेकांची रेघ आडवी होती, थोडी वरखाली होत जाणारी, सपाट शेतासारखी. आणि एक रेघ चढत होती. पहिल्या डबीत कमी, दुसऱ्या डबीत थोडी जास्त, पुढच्यात अजून जास्त. मध्ये कुठेच उतार नाही. अशी निर्मळ रेघ मी आयुष्यात पाहिली नव्हती. आमची पट्टी नुसतं हो किंवा नाही म्हणत नव्हती, तर काळाबरोबर काय घडतंय ते बघत होती, माणसाच्या अंगाला हातही न लावता. मी फक्त उड्या मारायचंच बाकी ठेवलं होतं. सरांना बोलावलं. त्यांनी चष्मा काढून स्क्रीन पाहिली, मला त्या सगळ्या डब्या पुन्हा तपासायला लावल्या, आणि रेघ तशीच आली तेव्हा म्हणाले, "डॉक्टरबाईंना लगेच खूण कळवा. त्या माणसाला बोलावतील."

मी खूण कळवली आणि उरलेला दिवस हवेत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठेबाबांचा फोन आला.

"काय व माय, माह्या थुंकीत काय दिसलं तुले?"

मला कळेना. "काय झालं, मोठेबाबा?"

"डॉक्टरीनबाईचा फोन आलता. म्हणते, काका, तुमच्या लाळेत काही चढून राह्यलं, मशीन तसं सांगते, तर लवकर या. म्हणून म्हटलं, मशीनवालीलेच विचारून घेतो."

मी जिन्यात उभी होते. खाली रस्त्यावरून ट्रक जात होते. काल ज्या रेघेवर मी इतकी खूश झाले होते ती त्यांच्या गालातून आली होती. मी भिंतीला टेकले.

"ऐकून राह्यली का?"

"हो. मोठेबाबा, मशीन कॅन्सर आहे असं म्हणत नाही. मशीन म्हणते, नीट पाहा. एवढंच म्हणते."

"तू येशील का संगं?"

"उद्याच येते."

यवतमाळला डॉक्टरबाईंनी त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवला. पट्टी अजून अभ्यासात आहे, तिच्यावर एकटीवर विसंबून काही ठरवायचं नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. मग सपाट रेघा दाखवल्या आणि शेवटी चढती रेघ. मोठेबाबा पुढे वाकले. डावीकडून उजवीकडे त्यांनी बोट हवेत फिरवलं.

"ह्या बाकीच्या जोड्या जागच्या जागी उभ्या हायेत," ते म्हणाले. "अन् ही पळून राह्यली."

"हो काका. ती रेषेला पोचायच्या आत आपल्याला तिला धरायचं आहे. त्यासाठी एकदा तुकडा काढावा लागेल. अगदी लहान. भूल देऊन."

खोलीत पंखा फिरत होता. मोठीआई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला वाटलं, ते आता उठतील आणि एसटी स्टँडचा रस्ता धरतील. ते माझ्याकडे वळले.

"थ्या माह्या दोस्ताची अशी रेघ कोनं काढली असती, तर थो वाचला असता का?"

"माहीत नाही," मी खरं तेच सांगितलं. "पण लवकर कळलं असतं."

"त्याले कळलंच नाही," ते म्हणाले. "त्याले थेट लोखंडच दिसलं." मग डॉक्टरबाईंकडे बघून त्यांनी तोंड उघडलं, उघडेल तेवढं. "काढा."

तपासणीत कॅन्सरच निघाला. पण लहान, वरवरचा, गळ्यातल्या गाठींपर्यंत न पोचलेला. नागपूरच्या सर्जननी तो भाग काढला आणि मांडीची कातडी गालाच्या आत लावली. ऑपरेशननंतर ते मला पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती आणि बोलायला बंदी होती. त्यांनी हाताच्या खुणेनं मला जवळ बोलावलं, आणि माझ्या तळहातावर बोटानं चढती रेघ काढून ती खाली वळवली. मग भुवया उंचावल्या. आता खाली येईल का, असं ते विचारत होते. मी म्हटलं, "पाहू."

आम्ही पाहिलं. जखम भरल्यावर त्यांची लाळ पुन्हा सुरू झाली आणि प्रत्येक डबीबरोबर रेघ उतरत गेली. आता ती खूण कोणाची हे मला माहीत होतं, म्हणून त्यांच्या डब्या माझी मैत्रीण तपासायची आणि मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. मध्येच एकदा आकडा अचानक वर गेला. तो दिवस मी विसरणार नाही. डॉक्टरबाईंनी दुसऱ्याच दिवशी बोलावून तपासलं, आणि निघाली हिरडीची सूज, एका किडलेल्या दाढेपाशी. दाढ काढली, आकडा खाली आला. सर म्हणाले, "बघ, पट्टीला सूज आणि कॅन्सर यांतला फरक कळत नाही. आता हे काम." मला त्याचंही वाईट वाटलं नाही. पट्टीला काय येत नाही हे कळणं म्हणजे पुढचा रस्ता दिसणं होतं. आम्ही पट्टीवर दुसऱ्या एका प्रथिनासाठी वेगळी जागा करायला घेतली, म्हणजे दोघांची साक्ष एकत्र घेता येईल.

खर्रा सुटणं सगळ्यांत कठीण गेलं. पानठेल्यावरून जाताना ते आजही तिकडे बघत नाहीत. खिशात बडीशेप असते. तोंड उघडायचा व्यायाम त्यांनी नेमानं केला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची. 'स' आणि 'श' अजून थोडे घसरतात. पुढच्या हिवाळ्यात पट भरले तेव्हा त्यांनी माईक घेतला, आणि मी वर्गातल्या पोरीसारखी पहिल्या रांगेत जाऊन बसले. पहिल्या जोडीला वाक्य रेषेच्या पुढे गेलं. दुसऱ्या जोडीलाही. तिसऱ्या जोडीला त्यांनी मालकाचं नावच गाळलं, कारण त्यात 'स' होता, आणि "बाभुळगावच्या बाजूचा आपला गडी" असं म्हणून वेळेत रेषेवर आणलं. लोक टाळ्या वाजवत होते त्या बैलांसाठी. मी कोणासाठी वाजवत होते ते मोठीआईला माहीत होतं, कारण तीही माझ्याच बरोबर वाजवत होती.

आता आमचं काम मोठं झालंय. गेल्या महिन्यात आम्ही झरी जामणी तालुक्यात मुकुटबनला होतो. नवी पट्टी दोन प्रथिनं बघते आणि यंत्र मोबाईलला जोडता येतं, त्यामुळे लाळ बर्फात नागपूरला न्यावी लागत नाही. यावेळी पुरुषांपेक्षा बायका जास्त आल्या. कापूस वेचायला जाताना गालात तंबाखूची चिमूट धरणाऱ्या, आणि त्याबद्दल घरात कधी न बोलणाऱ्या. एक कोलाम आदिवासी म्हातारी गावच्या आशा सेविकेचा, आशाताईंचा, हात धरून आली. मी तिला डबी दिली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली आणि कोलामीत काहीतरी विचारलं. आशाताई हसून मला म्हणाल्या, "म्हणते, एवढ्याशा डबीत काय दिसते? अन् दिसलं त मले सांगशील का, का फक्त आपसांत बोलाल?"

मी आशाताईंना म्हटलं, "तिला सांगा, डॉक्टरबाई आधी तोंड बघतील. पट्टी शिकून राह्यली, ती एकटी काही ठरवत नाही. पण बघावं लागेल असं काही दिसलं, तर पहिला फोन तिलाच येईल."

म्हातारीनं ऐकलं, पदर खोचला आणि डबी तोंडाशी धरली. मागून पुढची बाई पुढे सरकली. मी मोबाईलला जोडलेल्या यंत्रात नवी पट्टी लावली आणि आकडा यायची वाट बघत बसले.